आत्ताचा फोटो

डब्याच्या तळाशी फिल्मचा तो एकच रोल उरला होता — अंगठ्याएवढा जाड, चंदेरी कागदात गुंडाळलेला, बाहेरचं पुठ्ठ्याचं खोकं एका कडेला उसवलेलं, आणि त्याच कडेवर जांभळ्या शाईत उठवलेली तारीख : जून १९६७. क्षमानं खोकं नाकाशी नेलं. डांबरगोळीचा वास... डबा ट्रंकेत वडिलांच्या, नानांच्या, काळ्या कोटाखाली होता म्हणून. जून सदुसष्टच्या आत वापरावा, आणि आता शहात्तरचा एप्रिल चालू. ती खोक्याकडे बघत राहिली आणि मग तिला हसूच आलं, कारण मुलींवर अशी तारीख उठवायची पद्धत असती तर तिच्यावरही साधारण हीच उठवली गेली असती. नानांनी नसती उठवली. मावशीनं उठवली असती. नाना याबाबतीत कधी काही बोलले नाहीत. क्षमाला तिसावं लागल्यावर त्यांनी ट्रंकेतून कॅमेरा काढायचं थांबवलं, इतकंच.

पासष्टच्या लढाईच्या वर्षी, आता बाहेरचा माल बंद होणार अशी आवई उठली तेव्हा, नाना मुद्दाम पुण्याला जाऊन हे रोल घेऊन आले होते — घाबरलेला माणूस साखर भरून ठेवतो तसे. शाळेत विज्ञान शिकवायचे ते. त्यांना छंद पुष्कळ, पण कामाला आला तो हा एकच. तुळशीचं लग्न झालं की एक रोल फोडायचा, क्षमाला परसात बसवायचं, बारांतला एक फोटो निवडायचा आणि त्याच्या प्रती पत्रिकेबरोबर कऱ्हाडला, मिरजेला, वाईला धाडायच्या... आई लहानपणीच गेलेली, म्हणून केस विंचरण्यापासून सगळं तिचं तिनंच. नाना फक्त म्हणायचे, ‘हनुवटी जरा खाली.’ आणि मग भिंगाची पट्टी एक घर पुढे सरकवायचे. नानांच्या भाषेत ‘एक घर जास्त’ म्हणजे हवा त्याच्या दुप्पट उजेड. समोर चुन्यानं रंगवलेली भिंत, मांडीवर फोटोत येणार नाही अशी पांढरी चादर, आणि वर हे एक घर. एवढं सगळं केलं की सावळी क्षमा कागदावर छान गोरीपान उतरायची.

आणि मग माणसं यायची. चहा, पोहे. मुलाची आई क्षमाकडे बघायची, हातातल्या फोटोकडे बघायची, पुन्हा क्षमाकडे. ‘फोटोत वेगळीच दिसत होती हो,’ असं मिरजेच्या बाई अगदी तोंडावर म्हणाल्या होत्या. त्यावर नाना, हयातभर मुलांना प्रकाशाचे नियम शिकवलेले नाना, मान खाली घालून म्हणाले होते, ‘उजेड जरा जास्त पडला.’ जसा काही तो आभाळातून आपोआप पडला होता.

रोल काढून ती परसात आली. रविवार असल्यामुळे घाई नव्हती. ट्रेझरीतल्या बाई रविवारी काय करतात याची चौकशी करायला कुणी येत नाही, हा नाना गेल्यावर एकटं राहण्याचा एक फायदाच आहे. परसात घरमालकीण साळूबाईंनी बाजेवर जुनं लुगडं पसरून पहाटेच कुरडया घातल्या होत्या. त्यांना वळसा घालून क्षमानं चुन्याच्या भिंतीपासून लांब, दगडी कठड्याशी एक स्टूल ठेवलं. समोर दुसरं स्टूल, त्यावर दोन पाट, पाटांवर नानांचा दोन भिंगांचा कॅमेरा. रोल चढवताना बोटांनी विचारलं नाही की कसं करायचं. पाठीमागच्या इवल्या लाल काचेत एकचा आकडा आला.

आत्ताचा... हा शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हता. मावशी सांगलीहून पुण्याला जाताना मुद्दाम सातारला उतरली होती ती ह्याच्यासाठी. ‘अगं, मी तुझा तो जुनाच देणार होते. किती गोड दिसतेस त्यात. पण गंगाधरच म्हणाले, आत्ताचा असला तर द्या.’ सांगलीत हळदीच्या पेढीवर हिशेब लिहिणारे गंगाधर. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आई जतला थोरल्याकडे, अंथरुणाला खिळलेली, तिला सून बघायला सातारला येणं शक्य नाही, म्हणून फोटो. मंगळवारी परतीच्या वाटेवर मावशी पुन्हा उतरणार आणि फोटो घेऊन पुढे जाणार. ‘स्टुडिओत जा आणि छानसा काढून घे,’ असं म्हणून मावशी मोकळी झाली. स्टुडिओत! राजपथावरच्या त्या स्टुडिओवाल्यानं नानांसाठी त्या गोऱ्या फोटोच्या किती प्रती करून दिल्या होत्या. तो तोंडानं काही बोलला नसता, सुसंस्कृत माणूस आहे, पण त्यानं स्टूल पुसून पुढे ठेवलं असतं ना, ते पुसणंच तिला सोसलं नसतं. शिवाय तो पेन्सिलीनं चेहरे नितळ करतो. नव्या रोलसाठी ती दुकानात जाऊन आली होती. रोल दोन महिने आलाच नव्हता. म्हणून मग हा, ट्रंकेतला.

गंगाधरना तिनं एकदाच पाहिलं होतं, मावशीच्या नातवाच्या मुंजीत. ते मठ्ठा वाढत होते. नखांच्या कडा पिवळ्या, धुऊनही न गेलेल्या. वाढपी माणसं ‘हवंय का’ म्हणेपर्यंत पुढच्या पानावर पोचलेली असतात. हे ‘आणखी?’ म्हणाले आणि थांबले. ती बोलेपर्यंत ओगराळं हातात धरून तसेच वाकून उभे राहिले. ‘नको’ म्हणायला तिला इतका वेळ कुणी कधी दिला नव्हता... आणि एवढ्याशा गोष्टीवर काही बांधायचं नाही, हे तिनं मुंजीहून परत येताना एस.टी.तच स्वतःला बजावलं होतं. सातारा येईपर्यंत दोनदा.

भिंगाची पट्टी तिनं नियमाप्रमाणे ठेवली. एवढ्या उन्हाला एवढंच, एक घरही जास्त नाही. आत्ताचा म्हणजे आत्ताचा. खटक्याशेजारची कळ ओढली की भुंग्यासारखा आवाज होतो आणि थोड्या वेळानं खटका आपला आपण पडतो. तेवढ्यात पळत जाऊन स्टुलावर बसायचं. ती पळाली, बसली, हनुवटी जरा खाली घेतली, आणि समोर बघितलं तर कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं. असणार नव्हतंच. पण इतकी वर्षं तो चेहरा — तो खास फोटोचा, किंचित ओठ मिटलेला, काही न मागणारा — ती नानांसाठी करत आली होती, हे तिला त्या भुंग्याच्या आवाजात एकदम कळलं. आणि रिकाम्या हवेकडे बघून तो चेहरा करता येईना. खटका पडला. दुसरा फोटो. तिसरा. पळायचं, बसायचं, चेहरा शोधायचा. सहाव्याला तर तिला स्वतःचा राग आला.

‘आवं ताई, कुणाकडं बघून हसतायसा?’

साळूबाई दारात उभ्या होत्या, हातात कावळे हाकलायची काठी.

‘हसत नाही. फोटो काढतेय.’

‘तुमचा तुमीच?’ साळूबाई जवळ आल्या, कॅमेऱ्याच्या वरच्या झापेतून आत डोकावल्या. ‘ह्यात तर समदं अंधारलंय. आन् तुमी तिकडं हाय, तर हितं हिकडं दिसताय. उलटंच हाय की हे.’

‘तसंच दिसतं त्यात. नवा कॅमेरा नाही तो, जुना आहे, म्हणून जरा अंधारं —’

आणि ती बोलता बोलता थांबली. जुना. रोलही जुना! जुन्या रोलची ताकद गेलेली असते, त्याला जास्त उजेड खायला घालावा लागतो, हे नानांनी तिला शंभरदा सांगितलं होतं. आणि ती, नानांसारखं खोटं करायचं नाही ह्या हट्टापायी, नव्या रोलचा हिशेब लावून बसली होती. सहा फोटो गेले असणार. तिनं कपाळाला हात लावला. मग पट्टी सरकवली, एक घर, आणखी एक. नानांच्याहीपेक्षा जास्त. खरं दिसायला तेवढं लागणारच होतं.

‘मी दाबती की,’ साळूबाई म्हणाल्या. ‘आमच्या सुभेदारांचा फोटू पलटनीत काढला तवा मी बघितलंय. तुमी बसा गप.’

‘गप बसू, पण तुम्ही दाबायच्या आधी सांगा. आणि दाबताना हलू नका, आणि बोट त्या भिंगाच्या —’

खट.

‘दाबलं,’ साळूबाई म्हणाल्या. ‘तुमी लय बोलता.’

उरलेले फोटो तिनं पुन्हा भुंगा लावून काढले, नीट, गप बसून. साळूबाई कुरडयांपाशी गेल्या होत्या.

दुपारी मोरीत फोटो धुवायची तयारी. खिडकीवर गोधडी, दाराखाली टॉवेल, पाटावर ओळीनं बाटल्या. माठातलं पाणी तिनं आधीच ओतून ठेवलं होतं; एप्रिलात नळाचं पाणी औषधाला चालत नाही, गरम पाण्यात फिल्मवरचा थर सुटतो, आणि जुन्या रोलला तर जितकं थंड तितकं बरं. डेव्हलपरमध्ये ब्रोमाइडची चिमूट जरा मोठी, कारण जुन्या फिल्मवर न काढलेलंही काहीबाही येतं — नुसतं वय, राखेसारखं सगळीकडे पसरलेलं — ते चिमटीनं दाबायचं. मग तिनं आतून कडी लावली आणि दिवा मालवला.

अंधार. हा अंधार तिच्या ओळखीचा होता, आणि तरी नव्हता, कारण ह्या अंधारात नाना बोलायचे. उजेडात तास तास गप्प असणारा माणूस इथे, फिल्म चक्रावर चढवता चढवता, काय वाटेल ते बोलायचा : क्षमाच्या आईला वांग्याचं भरीत किती आवडायचं, विहिरीत पडलेला मित्र, आपण लहानपणी किती भित्रे होतो. क्षमा शेजारी पाटावर बसून ऐकायची. स्वतःच्याच स्थळाचा फोटो आपण बापाच्या मांडीला मांडी लावून अंधारात धुतो आहोत, ह्याचं तेव्हा काही वाटायचं नाही. उलट वर्षातला तो एक दिवस तिला आवडायचा. आज वाटतं की बहुतेक नानांनाही तो आवडत असावा, आणि स्थळाचं निमित्त... पण नाही. नाना, एक विचारायचं राहिलं. तुम्हाला मी कशी दिसत होते? पट्टी पुढे सरकवताना तुमच्या मनात काय असायचं — हिला कुणी नाकारू नये एवढंच, की तुम्हालाही मी थोडी... थोडी धुऊन हवी होते?

बोटं कामाला लागली. कागद सुटला, फिल्म हाताला लागली, आणि लगेच कळलं की हे सोपं जाणार नाही. दहा-अकरा वर्षं गुंडाळून पडलेली फिल्म सरळ व्हायलाच तयार नव्हती. चक्राच्या खाचेत टोक सरकवावं, तर मागचा भाग फडकन पुन्हा गुंडाळी होऊन मनगटावर बसे. पुन्हा. पुन्हा. कपाळाचा घाम नाकावरून ओघळला. फिल्मवर पडला की डाग, म्हणून तिनं मान वळवून खांद्याला नाक पुसलं. अर्धी चढली आणि अडकली. पुढे जाईना, मागे येईना. जोर लावला तर चिरेल. एक हात आणखी हवा होता, नुसता धरून ठेवायला. ‘जरा धरा,’ ती मोठ्यानं म्हणाली, आणि हात पुढे केला, आणि तो अंधारात तसाच पुढे राहिला.

दारावर थाप पडली.

‘ताई! आवं, चीक आणलाय. गरम हाय तवर खावा.’

‘उघडू नका!’ ती किंचाळलीच. ‘साळूबाई, दार उघडू नका!’

मग कडी वाजली, बाहेरून ढकलून बघितल्यासारखी.

‘आतनं कडी का लावलीया?’ साळूबाईंचा आवाज बदलला होता. ‘ताई, बरं हाय न्हवं?’

‘बरी आहे. फोटो धुतेय. उजेड आला तर जातील.’

‘भर दुपारी अंधार करून बसलायसा?’

‘हो.’

‘मी हितंच बसती,’ साळूबाई म्हणाल्या, आणि दाराला पाठ टेकल्याचा आवाज आला. एकटी बाई आत कडी लावून बसते तेव्हा त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते क्षमाला समजलं, आणि हसावं की काय करावं ते समजेना. दारापलीकडे त्या बोलतच राहिल्या. कावळ्यांचं, सुभेदारांच्या खोकल्याचं, नळाला कासच्या तळ्याचं पाणी आज उशिरा आल्याचं. क्षमानं फिल्म एक वेटोळं मागे घेतली. श्वास धरला. ये. तिच्या मनात नुसता तेवढाच शब्द चालला होता. ये बाई, ये, ये ना... इतकी अजीजी तिनं कुणापुढे केली नव्हती. ना वरिष्ठांपुढे, ना देवापुढे, ना दवाखान्यात नानांच्या उशाशी — तिथे ती दगडासारखी बसली होती. आणि आता ह्या प्लास्टिकच्या पट्टीची मनधरणी चालली होती. कशासाठी? एक फोटो नाही आला तर मावशीला सांगता येईल, नाही आला. जुना दे किंवा देऊ नकोस. गेल्या काही वर्षांत सगळ्याच गोष्टींना ती असं म्हणत आली होती आणि बरं चाललं होतं.

फिल्म सरकली. सगळी आत गेली. चक्र काळ्या डब्यात ठेवून झाकण फिरवून बसवल्यावर तिला दिवा लावायला हरकत नव्हती, पण ती तशीच बसली. मला हवंय, असं तिच्या मनात आलं. स्वच्छ, एखाद्या लहान मुलीनं हाटेलासमोर पाय आपटून म्हणावं तसं. तो वाकून थांबलेला माणूस मला हवाय. ‘आणखी?’ असं त्यानं रोज विचारावं आणि मी रोज वेळ लावावा. मला लाज वाटतेय, पण हवंय.

दार उघडलं तेव्हा साळूबाईंनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं.

‘रडलायसा व्हय?’

‘घाम आहे.’

‘असंल,’ साळूबाई म्हणाल्या, वाटी तिच्या हातात दिली, वर तुपाचा गोळा विरघळत होता, आणि परसात कावळा ओरडला तशा त्या काठी घेऊन धावल्या. वाटी ओट्यावर राहिली. औषध, पाणी, चित्र पक्कं करायला हायपो, पुन्हा पाणी... काळा डबा हातात उलटासुलटा करत ती खिडकीतल्या गोधडीकडे बघत उभी होती, आणि चिकावर हळूहळू साय धरत गेली.

गोधडी काढून तिनं फिल्म उजेडात धरली.

पहिले सहा जवळजवळ नव्हतेच. सगळीकडे राखेचा पातळ थर, आणि त्यात कुठेतरी स्टुलाची कड. ताठ मानेचा तो सगळा खरेपणा पार कोरा आला होता. शेवटचे पाच बरे होते. हनुवटी खाली, ओठ मिटलेले. आणि मधला तो एक, साळूबाईंचा, थोडा तिरका. बाई बोलते आहे. तोंड उघडं, एक हात पुढे, भुवया वर, कपाळावर आठी. नानांच्या फोटोंत निगेटिव्हवर तिचा चेहरा डांबरासारखा यायचा — तिथे जितका काळा, तितका कागदावर गोरा. हा तसा नव्हता. हा फिका होता. कागदावर तो सावळाच उतरला असता, होता तेवढाच. कानापाशी केसांत पिकलेली बट उलट होऊन काळीभोर दिसत होती. निगेटिव्ह वाचायला तिला छापून बघावं लागत नसे. छत्तिशीची बाई, काहीतरी सांगायच्या घाईत. ही मी आहे, तिला वाटलं. ट्रेझरीत मी अशीच दिसत असणार. पंगतीत ‘नको’ म्हणतानाही.

हाच द्यायचा. हे ठरवावं लागलंच नाही, आणि त्याच्या पाठोपाठ जे लक्षात आलं ते इतक्या वर्षांत आलं नव्हतं. कऱ्हाडचे, वाईचे, मिरजेच्या त्या बाई — ते सगळे नकार फोटोतल्या त्या गोऱ्या मुलीपायी आलेले होते. त्यांना ती मुलगी हवी होती, ती घरात सापडली नाही, म्हणून ते परत गेले. क्षमाला कुणी नाही म्हणालंच नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या एक घर जास्त उजेडाआड ती इतकी वर्षं सुखरूप बसून राहिली होती. नाना, हे तुम्हाला ठाऊक होतं? की तुम्हीही तिथेच, माझ्या शेजारी...

उद्या रात्री मोरीतच छापला की मंगळवारी मावशी हा फोटो घेऊन जाईल. सांगलीला तो माणूस तो बघेल, मग जतला त्याची आई, उशीला टेकून, डोळ्यांजवळ धरून. ‘ही होय?’ म्हणेल. आणि मग ‘नाही’ आलं, तर ते कुणाच्या अंगावर ढकलता येणार नाही. उजेड जरा कमी पडला, असंही म्हणता येणार नाही. फिल्मवरून पाण्याचे थेंब क्षमाच्या पावलांवर पडत होते. वाळत घालायला दोरीपर्यंत चार पावलं चालायचं होतं, तेवढंही सुचत नव्हतं. ती घाबरली होती, मनापासून घाबरली होती, आणि हे सांगायला घरात कुणी नव्हतं, बाहेर साळूबाई होत्या पण त्यांना काय सांगणार... तरीसुद्धा, तिथे तसं उभं असताना, होकाराची आस तर लागलीच होती, पण त्या नकाराचीदेखील तिला थोडी लागली. निदान तो तिला स्वतःला आलेला असता.